वरराजाची शेरवानी

लग्नातल्या मुलाला आपण 'वरराजा' म्हणतो, आणि हा शब्द नुसता कौतुकाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. त्या एका दिवसापुरता तो खरोखरीच राजा असतो. त्याच्यासाठी घोडा येतो, वाजंत्री येते, डोक्यावर कोणी छत्री धरतो, आणि एरवी ज्याला घरात कोणी पाणी विचारीत नाही त्याचे पाय धुतले जातात. राजा म्हटला की राजाचा पोशाख आला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा पोशाख म्हणजे शेरवानी असे समीकरण पुण्या-नाशिकपासून नागपूरपर्यंत रूढ झाले आहे. पूजेच्या वेळी कद किंवा पीतांबर नेसलेला मुलगा अक्षतांच्या सुमारास अंतरपाटाआड उभा राहतो तो गुडघ्यापर्यंत लांब, गळ्याशी बंद, छातीवर जर झळकत असलेल्या कोटात. वर फेटा, फेट्यावर मुंडावळ्या.

हा कपडा बहुधा आयुष्यात एकदाच घेतला जातो, घाईत घेतला जातो, आणि बरोबर आलेल्या चार नातेवाइकांच्या चार मतांनी घेतला जातो. दुकानदार किमतीचे आकडे सांगतो. एका शेरवानीची किंमत दुसरीच्या दसपट का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ते का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. शेरवानी हा मोगल बादशहांचा पोशाख, असे सर्रास सांगितले जाते. तसे ते नाही. अकबर-जहांगिराच्या काळची चित्रे पाहावीत. त्यांत शेरवानीसारखा कोट नाही. आहे तो जामा, म्हणजे छातीवर एकावर एक पदर आणून बगलेखाली बंदांनी बांधलेला घेरदार अंगरखा. मुसलमानाचा जामा उजवीकडे बांधलेला आणि हिंदूचा डावीकडे, एवढा बारकावा त्या चित्रांत सांभाळलेला दिसतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त बादशहाच्या कपड्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अकबराला कपड्यांचा मोठा षोक. त्याने कपड्यांना नवी नावेसुद्धा दिली. जाम्याला 'सर्बगाती', म्हणजे सर्व गात्रे झाकणारा, असे नाव ठेवले. आपल्याकडची बाराबंदी ही याच बंदांच्या कुळातली, जरा गरीब नातेवाईक म्हणा.

बटणांचा हा कोट आला तो इंग्रजांच्या काळात. एकोणिसाव्या शतकात लखनौ आणि हैदराबाद या शहरांतील अमीर-उमरावांनी व नव्या अधिकारी वर्गाने एक मधला मार्ग काढला. इंग्रजी फ्रॉककोटाची बेतशीर काटणी, समोर सरळ ओळीने बटणे आणि आत अस्तर घेतले. लांबी आणि गळ्याची ऐट आपली ठेवली. यातून अचकन आणि शेरवानी निघाली. तेव्हा शेरवानीचे वय फार तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे. आगगाडीच्या पिढीतला हा कपडा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही मूळची शेरवानी साधी होती. सर सय्यद अहमद यांनी १८७५ साली सुरू केलेल्या शाळेतून अलीगढचे विद्यापीठ वाढले. तेथील विद्यार्थ्याचा पोशाख म्हणजे काळी शेरवानी. तिच्यावर एक फूलही नाही. हैदराबाद संस्थानात शेरवानी हा कचेरीचा पोशाख होता. वकील, मुन्सफ, तहसीलदार, शिक्षक, मग ते हिंदू असोत की मुसलमान, शेरवानी घालूनच कामावर जात. १९४८ पर्यंत मराठवाडा त्याच संस्थानात होता, म्हणून औरंगाबाद, परभणी, नांदेडकडच्या जुन्या घरांतून आजोबांचा शेरवानीतला फोटो भिंतीवर टांगलेला आढळतो. पुणेकराला शेरवानी नवी असेल, मराठवाड्याला नाही. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांची गणना जगातल्या अतिश्रीमंतांत होत असे, पण हे गृहस्थ जुनी, विटलेली शेरवानी घालून वावरत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे पंडित नेहरू, राजेंद्रबाबू, डॉ. झाकीर हुसेन यांनी ही बंद गळ्याची वस्त्रे राष्ट्राच्या समारंभांत नेली. तीही साधीच. झगमगाट असलाच तर नेहरूंच्या गुलाबाचा.

मग वरराजाच्या छातीवरची ही जर आली कोठून? तिचा इतिहास वेगळा आहे, आणि तो कोटापेक्षा पुष्कळ जुना आहे.

'जर' म्हणजे फारसीत सोने, 'दोजी' म्हणजे शिवण्याचे काम. जरदोजी म्हणजे सोन्याने शिवणे. विणकराने मागावर ताण्याबाण्यात सोन्याचा धागा घातला तर तो किनखाब, आपली पैठणी किंवा बनारसी शालू. विणून झालेल्या कापडावर सुईने धातूची तार बसविली तर ती जरदोजी. हा भेद ध्यानात ठेवावा, दुकानात फार उपयोगी पडतो. अकबराच्या कारखान्यांत चालणाऱ्या कामांत जरदोजी, कलाबतू, कशिदा यांची नावे अबुल फजल देतो. तंबू, हत्तीच्या झुली, घोड्यांची खोगिरे, सिंहासनाच्या गाद्या, आणि बादशहाने मर्जीतल्या माणसाला द्यावयाची खिलत, या सर्वांवर हे काम होई.

खिलत म्हणजे मानाचा पोशाख. तो अंगावर चढला की माणसाची दरबारातली पायरी ठरली. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात शाहजाद्यांना खिलत मिळाली, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंगाला मिळाली. शिवाजी महाराजांना मिळाली नाही. त्यांच्या संतापाच्या कारणांत हेही एक होते. कापडाच्या एका तुकड्यात केवढे राजकारण भरलेले असू शकते हे त्यावरून दिसेल. लग्नात व्याह्यांना द्यावयाच्या कपड्यांवरून आपल्याकडे जे रुसवेफुगवे होतात, त्यांची परंपरा अशी थोर आहे.

तेव्हा राजाच्या पदराखाली वाढलेली ही कला. राजे गेल्यावर तिचे काय व्हावे? १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही बंद झाले. दरबार नाही, हत्ती नाही, झूल नाही. दुसरीकडे स्वातंत्र्याच्या चळवळीने पुरुषाच्या अंगावरचा भपका आधीच उतरविला होता. खादीच्या पांढऱ्या कपड्यापुढे भरजरी अंगरखा हास्यास्पद ठरला होता. जरदोजीच्या कारागिराला गिऱ्हाईक उरले ते नववधूचा शालू-घागरा, परदेशी पलटणींची व पाद्र्यांची बिल्ले-चिन्हे, जी बनारसेत आजही भरली जातात, आणि पुढे पुढे हा एक दिवसाचा राजा. साधी शेरवानी आणि दरबारी जर या दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टींची गाठ लग्नाच्या मांडवात पडली. हिंदी चित्रपटांनी ती घट्ट केली हे खरे, पण माझ्या मते मूळ कारण 'वरराजा' या शब्दातच आहे. सगळे राजे गेले, हा एक उरला.

आता प्रत्यक्ष काम पाहू.

या कामाची ठाणी म्हणजे लखनौ आणि त्याच्या आसपासचे उन्नाव, बाराबंकी, सीतापूर, हरदोई हे जिल्हे, तसेच बरेली व फर्रुखाबाद. 'लखनौ जरदोजी'ला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मुंबईत धारावीसारख्या वस्त्यांतून उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले कारागीर हेच काम करतात. म्हणजे दादरला किंवा लक्ष्मी रस्त्यावर घेतलेली शेरवानी कदाचित लखनौचीही नसेल, पण तिच्यावर बसलेला हात बहुधा तिकडचाच असतो.

तार येते बहुतांशी सुरतेहून. अस्सल जर कशी होते? चांदीची कांब घेऊन तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवीत आणि ती कांब जंतरपट्टीच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढीत. हे आपल्या सोनाराचेच काम, फक्त फार दूरवर नेलेले. गंमत अशी की तार केसाएवढी झाली तरी चांदीवरचे सोने तिच्याबरोबरच ताणले जाते, सुटत नाही. अलीकडे सोन्याचा मुलामा शेवटी विजेच्या साहाय्याने देतात. ही तार ठोकून-दाबून चपटी केली की बादला होतो. बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू, आपल्या बोलण्यातला कलाबूत. खालची प्रत म्हणजे चांदीऐवजी तांब्याची तार आणि तिच्यावर मुलामा. त्याहूनही खालची म्हणजे धातूचा नुसता वर्ख चढविलेली प्लॅस्टिकची फीत. दिव्याखाली तिन्ही सारख्याच चमकतात. किंबहुना प्लॅस्टिकची जरा अधिकच चमकते, आणि गिऱ्हाईक तिलाच भुलते.

कलाबतूशिवाय जरदोजीत आणखी एक प्रकार असतो आणि तोच तिचा खरा प्राण. बारीक तारेची स्प्रिंगसारखी पोकळ गुंडाळी करतात. तिला डबका म्हणतात. गुंडाळीला पैलू पाडले की तिच्यावर प्रकाश तुटून पडतो, ती नक्शी. निस्तेज, मऊ दिसणारी तो कोरा. शिवाय सलमा, सितारे म्हणजे टिकल्या, मोती आणि खडे. हे सारे सामान चिमटीचिमटीने वाट्यांत काढून कारागिरापुढे ठेवलेले असते, आपल्याकडे मिसळणाचा डबा असतो तसे.

कोट आधी शिवून मग त्यावर भरतकाम करतात अशी पुष्कळांची कल्पना असते. होते ते उलट. मास्टर, म्हणजे बेतणारा शिंपी, न कापलेल्या कापडावर छाती, पाठ, बाह्या, गळपट्टी यांच्या रेषा आखून देतो. नक्षी काढणारा तेलकट पातळ कागदावर नक्षी उतरवितो आणि तिच्या रेघेरेघेवर सुईने भोके पाडतो. याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालविलेली खडू किंवा नीळ बोळ्याने फिरविली की ठिपक्यांची रांगोळी कापडावर उतरते. गडद कापडावर पांढरी, फिक्यावर निळी. रांगोळीच्या छिद्रांच्या कागदाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

मग कापड अड्ड्यावर चढते. अड्डा किंवा कारचोब म्हणजे लाकडाची आडवी चौकट, खाटेसारखी. कापड तिच्यावर दोऱ्यांनी ओढून इतके ताठ बांधतात की टिचकी मारली तर डफासारखे वाजावे. चौकटीच्या भोवती जमिनीवर तीन-चार किंवा अधिक कारागीर मांडी घालून, ओणवे होऊन बसतात. एकाच्या वाट्याला गळा, दुसऱ्याच्या छातीची डावी बाजू, तिसऱ्याच्या बाही. सगळ्यांचा हात सारखा पडला पाहिजे, नाहीतर डावी छाती एकाची आणि उजवी दुसऱ्याची असे दिसते.

अवजारे दोन. एक आरी, म्हणजे लाकडी मुठीत बसविलेली आकड्याच्या टोकाची सुई. उजवा हात आरी वरून खाली घालतो, डावा हात कापडाच्या खाली धागा धरून असतो. आरी तो अंधारात पकडून वर आणते आणि साखळीचा टाका पडतो. डाव्या हाताला डोळे नसतात, तरी चूक होत नाही. हे काम वेगाने चालते. दुसरी साधी सुई, डबका-नक्शीसाठी. डबक्याचा लागेल तेवढा तुकडा कात्रीने तोडावयाचा, तो मण्यासारखा सुईत ओवावयाचा आणि जागेवर बसवून सुई खाली काढावयाची. तुकडा जरा लांब तुटला तर फुगतो, आखूड तुटला तर खालचा दोरा दिसतो. एका पानाच्या एका शिरेला असे कितीतरी तुकडे लागतात. नक्षी उठून दिसावी म्हणून कधी आत सुती दोऱ्याची भर घालतात. हे काम घाईने होत नाही, आणि शेरवानीचा महागपणा मुख्यतः येथे आहे.

या धंद्यात कामाचे माप नफरी. साधारण आठ तासांची एका माणसाची बैठक म्हणजे एक नफरी. पेशवे दफ्तरातल्या कागदांत चाकरमाणसांची मोजदाद 'नफर' अशी येते, तोच हा शब्द. समजा, चार कारागीर एका कोटावर दहा दिवस रोज एकेक नफरी बसले, तर चाळीस नफऱ्या झाल्या. कोट कितीला विकला गेला याच्याशी कारागिराचा संबंध नसतो. त्याला नफरीचे पैसे मिळतात. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला सांगावयाचे, त्याने कारखानदाराला, आणि कारखानदाराने कारागिराला. लखनौ-बरेलीकडे तर घरी बसून काम करणाऱ्या बायकांपर्यंत ते आणखी एका मध्यस्थामार्फत पोहोचते. जितक्या पायऱ्या, तितका पैसा वाटेत थांबतो. आणि या चाळीस नफऱ्यांत माणसाची मान, पाठ आणि डोळे खर्ची पडतात. पन्नाशीच्या आत नजर मंदावलेला जरदोज ही या वस्त्यांतून विरळा गोष्ट नाही. मंद दिव्याखाली चमकत्या तारेकडे वर्षानुवर्षे पाहत राहिल्यावर दुसरे काय होणार?

याहूनही वाईट बाजू आहे. लहान मुलांची बोटे बारीक आणि नजर तेज, म्हणून त्यांना अड्ड्यावर बसविण्याची रीत पडली होती. चौदा वर्षांखालील मुलांना जरीकामाला लावू नये असे कायद्याने ठरले, आणि २०१६ च्या दुरुस्तीने तर काही अपवाद वगळता त्या वयाच्या मुलांना कोणत्याही धंद्यात राबविण्यास बंदी झाली. २००५ साली मुंबईत जरीच्या कारखान्यांवर धाडी घालून शेकडो मुले सोडवावी लागली. शेरवानी स्वस्तात पडली म्हणून आनंद मानणाऱ्याने ती कशामुळे स्वस्त झाली असेल, हेही मनात आणावे. दुकानदाराला विचारावयास काय हरकत आहे? काम कोठे झाले, कोणी केले, किती दिवस लागले? चांगला व्यापारी या प्रश्नांनी रागावत नाही. त्याला त्याचा अभिमान असतो.

यंत्राची गोष्ट वेगळी. संगणकावर चालणारी भरतयंत्रे एकाच वेळी अनेक कापडांवर तीच फुले काढतात, आणि माफक किमतीच्या शेरवान्या बहुतेक अशाच असतात. त्यात काही लबाडी नाही. यंत्राचे काम यंत्राचे म्हणून विकले तर तक्रार कसली? लबाडी होते ती यंत्राच्या कामाला हातकाम म्हणून खपविण्यात. ओळखावे कसे? एक तर डबका-नक्शी पाहावी. भरतयंत्रात धागा चालतो; पोकळ तार तुकड्या-तुकड्यांनी तोडून ओवणे हे त्याच्या कामात बसत नाही. बोटाने हलकेच चाचपले तर डबक्याच्या स्प्रिंगेचा खरखरीतपणा हाताला कळतो. दुसरे, एका रांगेतली चार फुले शेजारीशेजारी पाहावीत. माणसाच्या हातून चारही फुले तंतोतंत एकासारखी उतरत नाहीत. एखादी पाकळी जरा झुकतेच. तिसरी खूण सर्वांत चांगली, पण अस्तरामागे दडलेली: कापडाची उलटी बाजू. यंत्राच्या कामाच्या पाठीवर पांढऱ्या किंवा काळ्या दोऱ्याची एकसारखी दाट विण असते आणि बहुधा खाली घातलेल्या कागदी कापडाचे अवशेष टाक्यांत अडकलेले असतात. हाताच्या कामाच्या पाठीवर दोऱ्याच्या मोकळ्या रेघा, अधूनमधून गाठी, एका पानावरून दुसऱ्या पानावर मारलेली उडी. माप देऊन शिवून घेत असाल तर अस्तर लावण्यापूर्वी एकदा पाहून यावे.

आपल्या हवेचाही विचार हवा. जाड मखमल लखनौच्या माघातल्या थंडीत शोभते. आपली लग्नसराई वैशाखात. मखमल, अस्तर, कडक कापडाची आतली पट्टी आणि त्यावर धातूचा भार, हे सर्व अंगावर घेऊन दुपारी बाराच्या मुहूर्ताला होमापाशी बसलेला मुलगा पाहिला की राजेपण किती कष्टाचे असते ते कळते. कच्चे रेशीम किंवा रेशीम-सुती कापड घ्यावे, आणि काम गळा, बाहीचे टोक व बटणांची पट्टी एवढ्यावरच ठेवावे. थोडी जागा, पण तेथे अस्सल हातकाम. सबंध कोटभर वेलबुट्टी पसरण्यापेक्षा याने वजन कमी होते, आणि फोटोतही गळाच दिसतो. हे माझे मत. मुलाच्या आत्याचे वेगळे असू शकेल.

लग्न झाल्यावर कोट कपाटात जातो. तेव्हा दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. अत्तर जरीवर मारू नये. चांदी-तांबे हवेतल्या गंधकाने व घामाने काळवंडते. म्हणून घाम वाळू द्यावा, मग धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकवू नयेत. घडी दर काही महिन्यांनी बदलावी, नाहीतर डबका घडीवर मोडतो. मोडलाच तर निराश होण्याचे कारण नाही. जरदोज तेवढी वेल नव्याने भरून देतो.

पूर्वी भरजरी वस्त्र फाटले की घरातल्या बायका त्याची जर विकत. जुनी जर घेणारा दारावर येई, कापड जाळून चांदी काढून घेई आणि वजनावर पैसे देई. आजच्या बहुतेक शेरवान्या जाळल्या तर हाती काळा गोळाच येईल. पण त्यांवर हाताचे काम असेल तर निराळा उपयोग होतो. लखनौ-दिल्लीकडचे कारागीर जुन्या, विरलेल्या कापडावरची चांगली नक्षी पाठच्या कापडासकट कापून काढतात आणि नव्या कापडावर तिच्या कडेने बारीक टाके घालून बसवितात. गळ्याची वेल मुलाच्या मुंजीतल्या कोटाला पुरते, बाहीच्या टोकाची बुट्टी एखाद्या टोपीला.